सगुणेच्या तोंडची दोन पानं

१२ मार्च, बुधवार

ही डायरी २०१९ सालची आहे. लेकीने, नूतनने, दिली तेव्हापासून कोरीच पडून होती. वार खोडून लिहिते आहे. घरखर्चाच्या वहीत असलं काही लिहिणं मला आवडत नाही.

दुपारी भांडी घासत होते तेव्हा धाकट्या भावाचा, पुनाचा, वडगावहून फोन आला. गावातलं नाट्यमंडळ पुन्हा उभं करायचं चाललंय. एकोणीस वर्षं बंद होतं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी एक जुनं नाटक करायचं ठरलंय, पण कोणतं यावरून दोन तट पडले. अर्ध्यांना ‘सत्त्वधीर सगुणा’ पाहिजे, अर्ध्यांना हसवणारं एक जुनं नाटक. मंडळाचं सगळं आता धनसिंग सर बघतात. शाळेतून निवृत्त झालेत. त्यांनी असं काढलं, की मंडळाशी ज्याचा ज्याचा संबंध आला त्याने एक पान लिहून द्यावं, आवडतं नाटक कोणतं आणि का. ती पानं सभेत वाचायची आणि मग हात वर करायचे.

“अक्का, तूबी लिखी दे,” पुना म्हणाला. “बठ्ठ्या नकला तूच लिखेल व्हत्यात ना.”

हो, मीच लिहिल्या होत्या. १९८० साली. आमचे आबा मंडळाचे तालीम मास्तर. नाटकाचं छापील पुस्तक एकच, तेही धुळ्याहून आठ दिवसांसाठी उसनं आणलेलं. मी मॅट्रिक होऊन घरीच होते, अक्षर बरं होतं. आधी अख्खं नाटक एका दोनशे पानी वहीत उतरवलं, पुस्तक परत गेलं, मग त्या वहीवरून प्रत्येकाची नक्कल केली. नक्कल म्हणजे ज्याची त्याची वाक्यं तेवढी, आणि आधीच्याने बोललेले शेवटचे दोन शब्द, म्हणजे आपली पाळी कळावी. बाकीचं नाटक काय आहे ते तालमीत उभं राहिल्यावर कळायचं.

लिहीन म्हणाले. यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले. हातातलं काम मधेच सोडून इतक्यांदा उठते की कोणतं काम अर्धं आहे तेच विसरते.

१५ मार्च, शनिवार

पान लिहायला बसले. यांना पाणी दिलं. परत बसले. यांची गोळी. परत बसले, तर चष्मा उशीखाली गेला होता.

शेवटी असं लिहिलं: ‘सत्त्वधीर सगुणा हे माझे आवडते नाटक आहे, कारण त्यात पतिव्रतेचा आदर्श आहे व आजच्या पिढीने त्यापासून बोध घ्यावा असे आहे.’

वाचून बघितलं. शाळेतल्या निबंधासारखं झालं. खोटं काही नाही त्यात, पण हे ऐकून कोणी हात वर करणार नाही. मी तरी केला नसता.

१८ मार्च, मंगळवार

आज जपाच्या वेळेतली पंधरा मिनिटं घेतली, देव माफ करो. पान पूर्ण झालं. इथे उतरवून ठेवते, कारण ते आता पाकिटातून जाणार.

‘सगुणा ही यशवंतरावांची बायको. लोकांचं ऐकून यशवंतराव तिच्यावर संशय घेतात आणि दिवेलागणीला तिला घराबाहेर काढतात. ती गावाबाहेर धर्मशाळेत राहून बारा वर्षं लोकांची दळणं दळते. कोणाला दोष देत नाही. शेवटी खरं काय ते कळतं, आणि यशवंतराव पालखी घेऊन येतात. म्हणतात, सगुणा, माझे डोळे उघडले. घरी चल. काही तरी बोल.

‘सगुणा काही बोलत नाही. जात्यापाशी बसते, खुंट्याला हात घालते, तीन फेरे फिरवते. पडदा पडतो.

‘दुसऱ्या नाटकांत शेवटी सगळे ओळीने उभे राहून गाणं म्हणतात आणि आपण चपला शोधायला लागतो. सगुणेच्या शेवटाला मी कोणाला चपला शोधताना पाहिलेलं नाही. एकूण नऊ वेळा पाहिलं. बायका पदर तोंडाशी धरून बसलेल्या असतात. कानाला फक्त जात्याची घरघर. झुलालनाना सगुणेचं काम करायचे. मिशी काढायला लागते म्हणून त्यांची बायको दर वर्षी भांडायची, पण त्या जागी तीसुद्धा रडायची. ती का बोलत नाही, तर मला वाटतं आनंदाने तिचा गळा भरून येतो. म्हणून हे नाटक मला आवडतं.’

पाकिटावर पत्ता लिहिताना यांनी विचारलं काय आहे. सांगितलं. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला जावई म्हणून गेले होते तेव्हा यांनी ते नाटक पाहिलं होतं. म्हणाले, “आठवतंय. बायको असावी तर अशी. बारा वर्षं, पण तक्रार नाही.”

२३ मार्च, रविवार

सभा झाली. पुनाने सांगितलं, माझं पान सरांनी सगळ्यात शेवटी वाचलं आणि मग हात मोजायची गरजच पडली नाही. सगुणा ठरलं.

मग खुद्द सर फोनवर आले. म्हणाले, “अक्का, एक मागणं आहे. आताच्या पोरांचं पाठांतर नाही. पडद्यामागून वाचायला तुम्ही पाहिजेत. दुसऱ्याला ते नाटक इतकं माहीत नाही.”

मी येते म्हणाले. आई गेल्यापासून अकरा वर्षं आखाजीला माहेरी गेले नाही. तोंडातून हो निघून गेल्यावर लक्षात आलं की यांना विचारलंच नाही.

२५ मार्च, एकादशी

हे बोलत नाहीत. परवा संध्याकाळपासून. ताट पुढे ठेवलं की जेवतात, पण बोलत नाहीत. पाणी पाहिजे असलं की वॉकर फरशीवर आपटतात.

२६ मार्च, बुधवार

सकाळी चहा देताना मीच म्हणाले, “चुकलं माझं. विचारायला पाहिजे होतं.” यांनी कप घेतला. म्हणाले, “ठीक आहे. जायचं तर जा, पण नूतनला बोलवून जा.”

पंचेचाळीस वर्षांत पहिलं मीच बोलते. त्यात कमीपणा नाही. घरात अबोला असला की देवाला दाखवलेला नैवेद्यही गोड लागत नसेल. चूक कोणाची हे बघत बसलं तर दोन वेळचा स्वयंपाक कधी करायचा.

नूतन भुसावळहून सत्तावीस एप्रिलला येईल म्हणाली. “आई, तू जाच. पप्पांचं मी बघते. फक्त रोज फोन करू नकोस.”

४ एप्रिल, शुक्रवार

सरांचा फोन. आवाजातच आनंद होता. धुळ्यात एका जुन्या ग्रंथसंग्रहात त्यांना नाटकाचं मूळ छापील पुस्तक सापडलं. झेरॉक्स काढून आणलं आणि माझ्या त्या वहीशी ओळ न ओळ ताडून पाहिलं.

“अक्का, तुमच्या वहीत शेवटची दोन पानं नाहीत. यशवंतराव ‘काही तरी बोल’ म्हणतो, त्याच्या पुढे सगुणेचं मोठं भाषण आहे. पूर्ण दोन पानं. आपल्या गावाने ते कधी ऐकलंच नाही. वहीची पानं उंदरांनी खाल्ली असतील.”

मी म्हणाले, “असेल.”

“यंदा ते मूळ होतं तसं होणार,” सर म्हणाले.

६ एप्रिल, रामनवमी

पाळण्याला गेले, पण लक्ष नव्हतं. ‘असेल’ म्हणाले ते डोक्यातून जात नाही. त्या वहीला उंदीर लागले नव्हते. माझ्या वहीत शेवटी ‘समाप्त’ लिहिलेलं होतं, खाली दोन रेघाही मारल्या होत्या. सरांनी ते पाहिलं असेल, पण माझ्यावर त्यांचा इतका विश्वास की उंदरांनाच दोष दिला.

पुस्तकाची पानं एकमेकांना चिकटली असतील. जुनी पुस्तकं दमट जागी राहिली की तसं होतं. तसंच झालं असणार.

८ एप्रिल, एकादशी

उपासाच्या दिवशी खोटं नको. पानं चिकटलेली नव्हती.

तो दिवस मला नीट आठवतो. पुस्तक चारच्या गाडीने धुळ्याला परत जायचं होतं. सकाळी अकराला माझी दोनच पानं राहिली होती. तेवढ्यात एरंडोलकडचे पाहुणे आले, मला बघायला. आई म्हणाली, वही ठेव, हातपाय धू. मी पोहे नेऊन दिले, खाली बसले. यांचे वडील म्हणाले, पोरगी बोलते की नाही, काही बोल बाई. मी नाव सांगितलं आणि शाळेचं नाव सांगितलं. हे तेव्हा बाहेर बघत होते.

पाहुणे गेले तेव्हा दोन वाजले होते. दोन पानं उतरवायला अर्धा तास लागला असता, वेळ होता. मी ती वाचली होती, आदल्या दिवशीच. सगुणा त्याच्या पायावर डोकं ठेवते आणि म्हणते, ‘नाथ, अपराध आपला नव्हे, माझाच. आपल्या मनी संशय यावा असे माझेच काही वर्तन घडले असेल. या दासीस क्षमा करावी.’ असं दोन पानं.

मी ‘समाप्त’ लिहिलं, रेघा मारल्या आणि आबांना सांगितलं, झालं.

का केलं ते माहीत नाही. दमले असेन. पाहुण्यांच्या धांदलीत पहाटेपासून उभीच होते.

आणखी एक कळलं. ते भाषण एकटी सगुणाच बोलते. मधे कोणाचं वाक्य नाही. म्हणून इतर कोणाच्या नकलेत काही कमी पडलं नाही आणि कोणाची पाळी चुकली नाही. जात्याचे तीन फेरे तालमीत झुलालनानांनी आपल्या मनाने घातले आणि तेच कायम झाले. गावाने सव्वीस वर्षं माझी चूक नाटक म्हणून पाहिली. आणि मी तरी काय केलं, त्याच जागेसाठी ते आवडतं म्हणून पान लिहून पाठवलं.

१७ एप्रिल, गुरुवार

पारा चव्वेचाळीस. गच्चीवर कुरडया घातल्या, सकाळी सात ते दहा. खाली आले आणि उभ्यानेच तांब्याभर पाणी प्याले. यांनी विचारलं, जेवायला वेळ आहे का अजून.

सरांनी त्या दोन पानांचे फोटो यांच्या मोबाईलवर पाठवले. यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचून दाखवले, अगदी हातवारे करून. वाचून झाल्यावर म्हणाले, “भाषा बघ काय आहे. उगीच कापलं होतं तुमच्या गावाने. शेवट कसा पूर्ण वाटतो आता.”

मी राहिलेल्या कुरडयांचा चीक ढवळत होते, तो मधे सोडता येत नाही.

पण यांच्या आवाजात ऐकताना वाटलं, भाषण वाईट नाहीच. लिहिणाऱ्याने जीव ओतून लिहिलंय. ते मधूनच तोडणारी मी कोण?

२७ एप्रिल, रविवार. वडगाव

सकाळी नूतन आली आणि मी निघाले. तिने माझी पिशवी उचलून बघितली, तर तिच्यात यांच्या गोळ्यांचं पाकीट निघालं. सवयीने भरलं होतं. तिने ते काढून घेतलं.

अर्ध्या तिकिटात धुळे, तिथून पुढे पुनाची मोटरसायकल. घरी दारातच पुनाची सून मेघा उभी होती. बी.एस्सी. आहे, गावातल्या मुलांच्या शिकवण्या घेते. यंदा सगुणेचं काम तीच करणार. गावच्या नाटकात बाईचं काम बाईने करायची ही पहिलीच वेळ. पुना आधी नको म्हणत होता. मेघा त्याला म्हणाली, मिशी काढायचा खर्च वाचेल, मामा. तेव्हा हसला आणि हो म्हणाला.

२८ एप्रिल, सोमवार

मारुतीच्या देवळासमोर तालीम. यशवंतरावाचं काम किराणावाल्या भूषणकडे आहे. आवाज चांगला आहे, पण पालखी घेऊन येतो तो उधारी मागायला आल्यासारखा.

मेघाचं सगळं पाठ आहे, फक्त शेवटची दोन पानं नाहीत. तीनदा अडली. तिसऱ्यांदा माझ्याकडे येऊन बसली.

“आत्या, ही बाई बारा वर्षं दळण दळते, आणि वर हिनेच सॉरी म्हणायचं?”

“तेव्हाच्या बायका तशा होत्या,” मी म्हणाले.

“तेव्हाच्या?” ती माझ्याकडे बघून म्हणाली. मग म्हणाली, “माझ्या डोक्यात ते बसतच नाही. तुम्ही मागून वाक्य द्या, मी उचलत जाईन.”

सरांनी लांबूनच सांगितलं, “मेघा, पटो न पटो, लेखकाने लिहिलंय. आपण कापणारे कोण?”

सरांचं बरोबर आहे.

२९ एप्रिल, मंगळवार

सकाळी ठरवून सरांकडे गेले. ते लाऊडस्पीकरवाल्याशी बोलत होते. म्हणाले, रात्री दहाला आवाज बंद करावा लागतो, म्हणजे साडेसहाला नारळ फोडायलाच पाहिजे.

मी म्हणाले, “सर, ती पानं उंदरांनी खाल्ली नव्हती.”

“मग वाळवी लागली असेल, अक्का. त्याचं आता काय. अहो, दोन कर्णे मागे लावा, बायका मागे बसतात.”

परत येताना झुलालनाना ओट्यावर भेटले. आता पंच्याहत्तर वर्षांचे आहेत, गुडघे गेलेत, तरी पाठ ताठ. त्यांना यंदा पडद्याची दोरी दिली आहे, मान म्हणून. त्यांच्यापाशी बसले आणि सगळं सांगून टाकलं. पाहुणे, पोहे, दोन पानं, सगळं. कोणाला तरी सांगायला पाहिजेच होतं.

नाना हसले. “माले ठाऊक शे ना.”

त्यांनी सांगितलं ते असं. चौऱ्याऐंशी साली एका जत्रेत त्यांनी दुसऱ्या गावाच्या मंडळाची सगुणा पाहिली. तिच्यात शेवटचं भाषण होतं. सगुणा बोलतच राहिली, आणि लोक बैल जुंपायला उठले. नाना घरी आले ते सरळ आबांकडे. म्हणाले, मास्तर, आपल्या नाटकात शेवट नाहीच.

“मंग आबा काय म्हननात?” मी विचारलं. नानांशी बोलायला लागलं की माझीही बोली परत येते.

“म्हने, सुनंदाना हातनं लिखेल शे, तसंच राहू दे.”

आबांना माझं अक्षर फार आवडायचं. पण त्यांना माहीत होतं आणि ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. लग्नानंतर ते दर वर्षी जळगावला यायचे, पाण्याचा तांब्या घेऊन ओट्यावर बसायचे आणि विचारायचे, बाई, बरं आहे ना. मी म्हणायची, बरं आहे. ते पुढे काही विचारायचे नाहीत.

“नाना, तुम्ही त्या जागी गप्प बसायचे तेव्हा मनात काय असायचं? आनंद?”

“आनंद कसाना, माय. मी मनमां म्हनू, का बर जाऊ?”

३० एप्रिल, आखाजी

पितरांची घागर भरली. आबांचं, आईचं नाव घेतलं. पुरणपोळी, आमरस, सांजोऱ्या. वहिनीने मला पाटावरून उठू दिलं नाही. बसून राहिले, तर कंबर जास्त दुखायला लागली. पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या. मला बसा म्हणाल्या. बसले.

२ मे, शुक्रवार

नाटक काल झालं. सकाळपासून सगळे झोपलेत, मी पडवीत बसून लिहिते आहे.

साडेसहाला नारळ फुटला. सरांनी पुस्तकाची झेरॉक्स माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “अक्का, एक शब्द सुटायला नको.” मी ती कपाळाला लावली. डाव्या बाजूला पडद्याआड स्टूल, बॅटरी, पाण्याची बाटली. माझ्या शेजारीच नाना दोरी धरून.

पहिले तीन अंक नीट गेले. भूषण दोनदा अडला, मी दोन्ही वेळा वाक्य दिलं. मेघाला गरज पडली नाही. संशयाच्या प्रवेशाला मागच्या बायका यशवंतरावाला शिव्या देत होत्या, आणि एकीने तर त्याच्याकडची साखर घेणार नाही म्हणून जाहीर सांगितलं. भूषण तसाच उभा राहिला, शाबास त्याची.

शेवटचा प्रवेश. धर्मशाळा, जातं. पालखी आली. भूषण म्हणाला, “सगुणा, माझे डोळे उघडले. घरी चल.” थांबला. “काही तरी बोल.”

आता माझी पाळी. पुस्तक उघडं होतं, बॅटरी पानावर होती, अक्षर ठळक होतं. ‘नाथ, अपराध आपला नव्हे, माझाच.’ मेघाने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं.

आवाज आला नाही.

मेघाने परत पाहिलं. घसा कोरडा नव्हता, मी आत्ताच पाणी प्याले होते. बोट ओळीवर होतं. समोर हजारभर माणसं, आणि एक पोरही रडत नव्हतं. दुसऱ्या बाजूने सर हाताने खुणा करत होते, द्या, द्या. मी त्यांच्याकडे पाहत होते आणि त्या दोन पानांतला एक शब्द माझ्या तोंडातून बाहेर येत नव्हता. किती वेळ झाला मला सांगता येणार नाही.

मग मेघा वळली. जात्यापाशी गेली, बसली, खुंट्याला हात घातला. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. नानांनी शिकवलं असेल तर मला ठाऊक नाही. एक फेरा. दोन. तिसऱ्या फेऱ्याला नानांनी दोरी सोडली.

पडदा खाली आला. टाळी सुरू झाली ती थांबेना.

सर आत आले. त्यांचा चेहरा पडला होता. रागावून बोलले नाहीत, त्याचंच वाईट वाटलं. “अक्का, तुम्ही दोन पानं दिलीच नाहीत.”

“घसा बसला, सर. धूळ होती.”

“आणि नाना, तुम्ही?”

“सवय शे, सर. बठ्ठी उमर पडदा तठेच पडे, हातनी आपोआप दोरी सोडी दिधी,” नाना म्हणाले. ते दर वर्षी पडद्याच्या पुढे होते, दोरीला त्यांचा हात कालच पहिल्यांदा लागला. सरांना तेही ठाऊक आहे.

मेघा चेहरा पुसत होती. मला म्हणाली, “आत्या, तुमचा घसा आता कसा आहे?”

“बरा आहे,” मी म्हणाले. ती वाकून माझ्या पाया पडली, आणि उठताना हसत होती.

४ मे, रविवार. जळगाव

काल दुपारी पोहोचले. नूतन संध्याकाळच्या गाडीने गेली. जाताना यांच्यासमोरच म्हणाली, पप्पांना चहा येतो आता, विसरू देऊ नकोस.

यांनी विचारलं, “झालं का नाटक? भाषण कसं झालं?”

“घसा बसला होता. देता आलं नाही.”

“म्हणजे? मग शेवटी ती गेली की नाही घरी?”

“पडदा पडला.”

यांनी चष्मा काढला. “गेलीच असेल,” म्हणाले. “पालखी आणल्यावर कोण राहतं.”

मी पिशवीतले कपडे काढत होते. मग यांनी परत विचारलं, “गेलीच असेल ना?”

मी काढलेले कपडे बादलीत टाकले, साबण लावला. हे आतून दोनदा म्हणाले, ऐकलंस का. ऐकलं होतं. प्रवासाने अंग दुखत होतं.

५ मे, सोमवार

सरांचा फोन आला. मंडळाच्या नोंदवहीत परवाच्या प्रयोगाची नोंद करायची आहे. शेवटचा भाग मूळ पुस्तकाप्रमाणे का झाला नाही, ते मी चार ओळींत लिहून पाठवावं, दिलगिरी व्यक्त करावी, म्हणजे विषय मिटेल. माणूस चांगला आहे. आवाजात कडवटपणा नव्हता. मी पाठवते म्हणाले.

दुपारी लिहायला बसले. माफी मागणं मला कधी जड गेलं नाही. यांची मागितली, सासूबाईंची मागितली, जावयांच्या घरच्यांची मागितली, एकदा तर दूधवाल्याची मागितली आणि चूक त्याची होती. चार ओळींचं काम, चहा उकळेपर्यंत व्हायला पाहिजे.

‘आदरणीय धनसिंग सर यांस, सादर नमस्कार. परवाच्या प्रयोगात माझ्याकडून’

इथपर्यंत आलं. पुढे ‘चूक झाली’ एवढे दोनच शब्द. बसले होते. चहा उकळून आटला. कोणती चूक लिहावी, पंचेचाळीस वर्षांपूर्वीची की परवाची? आणि चूक झाली असं मला वाटतं का? वाटत नाही. वाटत नसताना लिहावं, तर समोर देव आहेत.

हे पलंगावरून बघत होते. म्हणाले, “काय लिहितेस?”

“काही नाही.”

“मग लिही की.”

अर्धा तास तशीच बसले. मग दिवेलागण झाली, उठावं लागलं. कागद चांगला होता, टाकवेना. त्याच्या कोऱ्या बाजूवर उद्याची यादी केली. तूरडाळ दोन किलो, हिंग, काडेपेटी, यांच्या गोळ्या.